पाचवा आणि सहावा फर्मा

मलकापूर, जि. बुलढाणा (वऱ्हाड)
ता. ११ जून १९३४

वाटसरू ग्रंथमाला, अमरावती, येथील मालकांस रहेमतुल्ला मिस्त्री याचा सलाम.

तुमची माझी ओळख नाही. येथल्या एका जिनिंग फॅक्टरीत मी एकवीस वर्षे फिटर आहे. शाळा दुसरीपर्यंत. पुढचे सगळे वाचन वखारीतल्या जुन्या वर्तमानपत्रांवरून शिकलो. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, त्यामुळे कुणाच्या चुकाही माझ्यात उतरल्या नाहीत.

मुद्दा असा. मोताळ्याच्या बाजारात एका बांगडीवाल्याने टोपली डुगडुगू नये म्हणून तिच्याखाली एक पुस्तक सरकवले होते. मी त्याला तिथेच लाकडाची पाचर तासून दिली आणि पुस्तक काढून घेतले. 'डाकबंगल्यातली चूल', मेळघाटातल्या एका खानसाम्याच्या आठवणी, तुमचे प्रकाशन. तीन दिवसांत दोनदा वाचले. हा माणूस उगाच चांदणे पाडत नाही. साहेब आला तर किती कांदे चिरले ते सांगतो, आणि साहेबाची मडम गेली त्या दिवशी तेवढेच कांदे चिरून ठेवले होते तेही सांगतो. मी जेवता जेवता थांबलो. घरातून विचारणा झाली, "भाजी खारट झाली का?"

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'आमची इतर पुस्तके' म्हणून अकरा नावे आहेत. त्यांतले एकही मलकापुरात कुणी पाहिलेले नाही. स्टेशनवरच्या बुकवाल्याने तर ग्रंथमालेचे नावही ऐकलेले नाही. ही पुस्तके अजून आहेत का? असतील तर मला हवीत. सगळी.

एक सुचवतो. पान ३८ वर 'पाना' हा शब्द नट पिळायच्या हत्याराला वापरला आहे, पण वर्णन पकडीचे आहे. पुढच्या आवृत्तीत सुधारावे.

रहेमतुल्ला मिस्त्री


अमरावती
ता. १९ जून १९३४

रहेमतुल्ला मिस्त्री यांस मोतीराम उंबरकर याचा नमस्कार.

पुढच्या आवृत्तीचे तुम्ही बोललात, वाचून मी एकटाच हसलो. मिस्त्री, चौदा वर्षांत अकरा पुस्तके काढली आणि यादी बघून पत्र लिहिणारे तुम्ही तिसरे. ग्रंथमाला म्हणजे मी, एक छापयंत्र आणि मागची खोली. अक्षरांचे खिळे मीच जुळवतो, शाई मीच लावतो. ज्यांचे लिहिणे दुसरीकडून 'साभार परत' येते त्यांचे मी छापतो. शिकलेले लोक म्हणतात, खानसाम्याच्या आठवणी कोण वाचणार? आता मी सांगेन, मलकापूरचा एक फिटर वाचतो आणि पकड ओळखतो.

चार पुस्तके संपली. पाच बांधलेली आहेत, ती पाठवतो. उरलेल्या दोहोंचे फक्त सुटे फर्मे आहेत, तेही एकेक संच. फर्मा म्हणजे एक मोठा कागद, दुमडला की सोळा पाने होतात. असे नऊ फर्मे आकड्यांप्रमाणे लावून शिवले की पुस्तक. शिवणे तुम्हाला जमणार असेल तर त्यांतले एक तुमचे. तुमच्याकडचेच आहे ते: मोताळ्याच्या कै. तुळशीराम जमादारांचे 'सडकेवरची तीस वर्षे'. मलकापूर-बुलढाणा सडकेवर, राजूर घाटात, खडी फोडणाऱ्यांवरचा जमादार होता हा माणूस. दुसरे, 'नदीपल्याडचा टांगा' ही कादंबरी, कालच सुलतानपूरच्या शेषराव पाटलांनी मागवली. वर्षभर कुणी हात लावला नाही आणि एका आठवड्यात दोन गिऱ्हाइके! दोन्ही ढीग एकाच टेबलावर मांडून मी स्वतः पुडकी बांधली.

मोतीराम उंबरकर


मलकापूर
ता. ३० जुलै १९३४

मोतीरामजींस सलाम.

पुस्तके पोचली. 'सडकेवरची तीस वर्षे' मी स्वतः बांधले. बांधणी कधी शिकलो नव्हतो. एक जुने पुस्तक उसवून पाहिले आणि समजली. टाके समान अंतरावर, पाठीला खाकी कापड, खळ घरात शिजवली. एक ते एकशे चव्वेचाळीस, पानांचे आकडे दोनदा मोजले. एक पुढे नाही, एक मागे नाही.

सध्या कापसाचा हंगाम नाही, म्हणून दर रविवारी दुपारी फॅक्टरीच्या आवारात निंबाखाली मोठ्याने वाचतो. पहिल्या रविवारी सहा माणसे होती, काल एकतीस. जमादाराने काय लिहिले आहे! घाटातल्या प्रत्येक वळणाला त्याने नाव ठेवले आहे. खडीच्या ढिगावर बसून कोण कुणाशी भांडले, कोणती बाई गाणे म्हणत दगड फोडायची, सगळे आहे. लोक म्हणतात, "मिस्त्री, त्या वळणावून तं आमी दर बाजाराले जातो!"

पण मग पान पासष्ट आले. प्लेगाचे दिवस आहेत, गाव उठून बाहेर झोपड्यांत गेले आहे, त्याच्या बायकोला गाठ आली आहे. पान चौसष्टच्या शेवटी लिहितो, "तिला आत निजवून मी बाहेर आलो आणि", आणि समोरच्या पानावर, "मागे न पाहता चालू लागलो." बायकोला सोडून हा गृहस्थ नदीपार पळून जातो, बत्तीस पाने भटकतो! एक म्हातारा बसल्या जागी थुंकला. मोताळ्याचा कडूबा गाडीवान सरकी भरायला आला होता, तो म्हणाला, "आमच्या गावचा जमादार असा? आन् आमी त्याले देवमाणूस म्हणून राह्यलो!"

मी म्हणतो, माणूस वाईट, पण लेखक खरा. स्वतःचे पाप असे कोण छापतो?

मात्र तपशिलात तो ढिला आहे. यादी देतो.
पान ६४ : गाडीला बैल. पान ६७ : घोडा.
पान ७० : नदीत नाव. आमच्या नळगंगेत नाव चालताना कुणी पाहिली?
पान ८२ : घोडा दमतो. पान ९७ : पुन्हा बैल, आणि ताजेतवाने.
असे एकूण चौदा दोष आहेत. घरातूनसुद्धा परद्यामागून शेरा आला, "अजी, बैलाचा घोडा होऊन राह्यला, आन् तुम्ही आकडेच मोजून राह्यले?" मी म्हटले, पानांचे आकडे बरोबर आहेत, मग बांधणाऱ्याचा दोष नाही. लेखकाला विचारा.

लेखक हयात नाहीत, म्हणून तुम्हाला विचारतो.

रहेमतुल्ला मिस्त्री


मोताळा
ता. ९ सप्टेंबर १९३४

मिस्त्रीभाऊले गोजरबाईचा रामराम. मी सांगून राह्यले, शाळेचे मास्तर लिहून राह्यले. म्या म्हणलं तसंच लिहा म्हणून त्याहीले शपथ घातली हाय.

मी तुळशीराम जमादाराची लेक. मले वाचता येत नाही. बापाच्या पुस्तकाची घरात एक परत होती, ते वाळवीनं खाल्ली. तुमच्या इथून कडूबा आयकून आला आन् पारावर चार माणसांत बोलला, का जमादारानं बायकोले पिलेगाच्या झोपडीत टाकलं आन् पळून गेला, आन् सोताच्या हातानं लिहून ठेवलं.

भाऊ, तवा मी चार वर्साची होती, मामाच्या घरी. बाप म्हणे, तुही माय माह्या मांडीवर गेली. तीस वर्सं मी ते खरं धरून बसली. त्याचं म्हातारपण काढलं, त्याच्या खोकल्याच्या आवाजानं उठली. आता लोक माह्याकडे पाह्यतात आन् बोलणं बंद करतात, त्याचं मले काई नाही. पण मलेच आता त्याचा चेहरा आठवला का राग येते.

मले भाऊ नाही. दरसाल सर्वपित्री अमावास्येले बापाचं पान मीच वाढते. यंदा नौमीले मायचं वाढीन. बापाचं वाढाव का नाही, ते तुमच्या हातातल्या पुस्तकावर हाय. त्यात खरंच तसं हाय का? हाव तं हाव लिहा. गोड करून लिहू नका.

गोजरबाई


मलकापूर
ता. १३ सप्टेंबर १९३४

गोजरबाईंस रहेमतुल्ला मिस्त्रीचा सलाम.

तुम्ही गोड करून लिहू नका म्हणालात, म्हणून सरळ लिहितो. होय, तसेच आहे. पान पासष्ट, ओळ पहिली. मी वाचताना एक शब्द गाळला नाही की जोडला नाही. पुस्तक माझ्या हाताने बांधलेले आहे, पाने दोनदा मोजलेली आहेत, त्यामुळे गफलतीला जागा नाही.

तुम्हाला वाईट वाटेल हे जाणतो. पण तुमच्या वडिलांनी खोटे लिहिले नाही, एवढे तरी त्यांच्या पदरात टाकावे.

रहेमतुल्ला मिस्त्री


अमरावती
ता. २० सप्टेंबर १९३४

मिस्त्री,

हिवतापाने दीड महिना अंथरुणात होतो. तुमचे जुलैचे पत्र आज फोडले आणि वाचता वाचता उठून बसलो.

घोडा कुठून आला? 'सडकेवरची तीस वर्षे' मी खिळा खिळा जुळवून छापले आहे. त्यात घोडा नाही. नाव नाही. आणि पळून जाणे तर मुळीच नाही! तुम्ही पाठवलेली दोषांची यादी म्हणजे 'नदीपल्याडचा टांगा' या कादंबरीचा गोषवारा आहे. घोडा टांग्याचा. पळणारा तिचा नायक.

माझ्या टेबलावर दोन्ही ढीग शेजारी होते. पाचवा आणि सहावा फर्मा, म्हणजे पान पासष्ट ते शहाण्णव, मी एकमेकांत बदलले. दोन्ही पुस्तकांचा खिळा एक, कागद एक. फर्म्याच्या पायथ्याशी मी फक्त आकडा छापतो, पुस्तकाचे नाव छापत नाही. त्यात दोघेही 'मी' म्हणून लिहिणारे, आणि दोघेही आपल्याकडच्या रीतीचे: बायकोचे नाव घ्यायचे नाही, 'ही' आणि 'ती'. कादंबरीतही चौसष्टावे पान 'आणि' वरच संपते. तुम्ही आकडे मोजलेत आणि आकडे बरोबर होते. चूक माझी आहे.

खऱ्या पासष्टाव्या पानावर जमादार चुलीसाठी तीन दगड शोधू लागतात. पुढचे मी सांगत नाही. ते त्यांच्याच शब्दांत वाचावे.

माझ्याकडे आता दुसरा संच नाही. ती बत्तीस पाने जगात असतील तर सुलतानपूरला, शेषराव पाटलांच्या कादंबरीत.

मोतीराम


मलकापूर
ता. २३ सप्टेंबर १९३४

शेषराव पाटील, सुलतानपूर, यांस रहेमतुल्ला मिस्त्रीचा सलाम.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या कादंबरीची बत्तीस पाने माझ्याकडे आहेत आणि माझ्या पुस्तकाची तुमच्याकडे. सोबत अमरावतीचे पत्र जोडतो, त्यात सगळा उलगडा आहे.

तुमची पाने याच पाकिटात पाठवतो. त्यासाठी मी बांधलेले पुस्तक उसवले. पहिला टाका कापताना हात थांबला, कारण बांधणी चांगली होती. फक्त आत जे होते ते खोटे होते. माझ्या अंगात जी ऐट आहे ती नटबोल्टांच्या कामाची आहे. पुस्तक त्याच ऐटीने बांधले, आणि त्यापायी मोताळ्याच्या एका बाईला तिच्या बापाविषयी खोटे लिहून पाठवले. पान आणि ओळसुद्धा सांगितली.

सर्वपित्री आठ ऑक्टोबरला आहे. त्याआधी ती पाने मिळाली तर ती बाई बापाचे पान वाढेल. नाही मिळाली तर नुसते माझे बोलणे तिने कशावरून खरे मानावे? एकदा मी छातीठोक खोटे सांगून बसलो आहे.

रहेमतुल्ला मिस्त्री


सुलतानपूर
ता. २८ सप्टेंबर १९३४

मिस्त्री, रामराम.

तुम्ही माझी पाने आधीच पाठवून दिली. आता दोन्ही माझ्याकडे आहेत. मी नाही म्हटले तर तुम्ही काय करणार होता? बरे झाले व्यापारात पडला नाहीत.

माझी तक्रार ऐका. माझ्या कादंबरीत नायक धर्मशाळेचे दार ओढून घेतो "आणि", समोरच्या पानावर, "चुलीसाठी तीन दगड शोधू लागलो." आमची घरची मंडळी म्हणाली, वा, गडी सुधारला! नंतर शेवटी तो टांगा कुणाचा, नदी कुठून आली, काही कळेना. पण बायकोची सेवा करणारा नायक सगळ्यांना आवडला होता. नव्वदीच्या पुढे एक पान आहे, ते वाचले तेव्हा घरातले कुणी पाणी प्यायलाही उठले नाही. आणि आता तुम्ही म्हणता, माझा नायक पळपुटा आहे. पाठवलेली पाने वाचली. खरेच पळपुटा आहे. असला माणूस मला गळ्यात घालून तुम्ही चांगला तेवढा परत नेता!

मी पुस्तकाला चामड्याची पाठ लावून घेतली होती. काल तीही फाडली. आमच्या शेजारच्या लोणारच्या तळ्याचे पाणी खारे आहे, माणसे नाहीत. पाने सोबत आहेत. वाचताना नव्वदीच्या पुढे सावकाश वाचा.

शेषराव


मलकापूर
ता. १० ऑक्टोबर १९३४

मोतीरामजींस सलाम.

पाने आली. आधी एकट्याने वाचली, मग घरात वाचली. मग रविवारी निंबाखाली उभा राहिलो, बसलो नाही. अडतीस माणसे होती. सांगितले, "मी जे वाचून दाखवले त्यात बत्तीस पाने दुसऱ्या पुस्तकाची होती. जमादार पळाला नाही. मी चुकलो." मग कडूबाच म्हणाला, "म्हंजे मिस्त्री, तुमचा बी स्क्रू ढिला निंगाला!" आवार हसले. एकवीस वर्षांत या आवारात माझ्यावर कुणी हसले नव्हते. वाटले होते तितके ते जड गेले नाही.

कडूबाला म्हटले, "तू पारावर बोलला, आता पारावरच मोडून सांग. आन् उद्या मले गाडीत ने."

"हाव. पण बैलाची गाडी हाय बरं, मंग म्हणाल घोडा होता."

सर्वपित्रीला सकाळी मोताळ्यात पोचलो. गोजरबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी हात जोडून मागचे सगळे सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी सूप बाजूला ठेवले. म्हणाल्या, "आता मले कोणाच्या सांगण्यावर भरोसा नाही, भाऊ. तुमच्या बी नाही, कडूबाच्या बी नाही. बाप काय म्हणते ते वाचा."

मी वाचले. तीन दगड, चूल, पेज. पाच दिवस तो झोपडीच्या बाहेर पडला नाही. साहेबाने नोकरीवरून काढीन म्हटले तर निरोप पाठवला की काढा. रोज संध्याकाळी घाटातल्या वळणांची नावे तिला सांगायचा, कारण तिने घाट कधी पाहिला नव्हता. वळणांना नावे का ठेवली होती ते तिथे कळते. ती तिच्यासाठी होती.

मग पान एक्क्याण्णव. तुम्हाला पाठ असेल, तरी उतरवतो, कारण माझे अक्षर त्यावरून एकदा जावे असे वाटते :

"इतकी वर्षे मी हिला 'अवं' म्हणूनच हाक मारली. त्या सकाळी ती ऐकेना. तेव्हा नावाने हाक मारली, अंबू. तिने डोळे उघडले. नाव घेतले म्हणून रागावली असेल. पुन्हा हाक मारली. मग तिने माझ्या मांडीवर मान टाकली आणि ती गेली."

गोजरबाई म्हणाल्या, "थांबा." मग म्हणाल्या, "पुन्हा वाचा." मी तीनदा वाचले. त्या म्हणाल्या, "माह्या बापाच्या तोंडून हे नाव मी जन्मात आयकलं नाही. मामा म्हणे अंबूबाई. बाप 'तुही माय' म्हणे. त्यानं नाव घेतलं व्हतं तं!" आणि पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या हे मी पाहिले नाही. परक्या माणसाने पाहू नये.

उरलेली पाने वाचून होईपर्यंत चुलीवरचा भात लागला. त्यांनी दुसरा टाकला. मग पान वाढले: भात, कढी, वडे, खीर. बाहेर नेऊन ठेवले आणि मोठ्याने म्हणाल्या, "ये बाबा. उशीर झाला." कावळा लगेच आला, असे मी लिहिणार नाही. बराच वेळ आला नाही. नंतर आला. मलाही त्यांनी जेवायला बसवले आणि दोनदा वाढले.

पुस्तक त्यांना ठेवा म्हटले, तर म्हणाल्या, "माह्या घरात वाळवी हाय. तुमच्याकडेच राहू द्या. दर सर्वपित्रीले येऊन ते पान वाचत जा." मी कबूल झालो.

संध्याकाळी घरी येऊन पुस्तक पुन्हा शिवायला घेतले. घरातून खळ आली, गुठळी नसलेली, नेहमीसारखीच. मागच्या खेपेला तुम्हाला लिहिले होते, 'खळ घरात शिजवली'. घर खळ शिजवत नाही. बैलाचा घोडा झाला हेही पहिल्यांदा घराला दिसले नव्हते, एका माणसाला दिसले होते, आणि मी त्या माणसाला आकडे दाखवून गप्प केले होते. मी हाक मारली. 'अजी' नाही, 'ऐकलं का' नाही. आतून विचारणा झाली, "तब्येत बरी हाय ना?"

यादीतली जी चार पुस्तके संपली म्हणता, त्यांचा एखादा जुना वाचक आठवत असेल तर पत्ता कळवा. मी जाऊन वाचून येईन. आणि फर्म्याच्या पायथ्याशी पुस्तकाचे नाव छापत चला.

माझ्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी शाईने दोन ओळी लिहिल्या आहेत. 'सडकेवरची तीस वर्षे' पुन्हा छापाल तेव्हा त्या छापू नका, त्या याच प्रतीच्या आहेत. पण तुम्ही प्रकाशक, तुम्हाला माहीत असाव्यात :

बांधणी : रहेमतुल्ला मिस्त्री (दुसऱ्यांदा).
खळ, आणि घोडा ओळखणे : नूरबी.